धानाचे पान आणि डोंगरीचे मँगनीज : सूर्यप्रकाशाने पाणी फोडण्याच्या शोधाचा इतिहास

१/
भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव हे धानपट्ट्यातले गाव. पावसाळ्यात रोवणी आटोपली की बांध्यांमध्ये पाणी साचलेले असते आणि त्यात नुकतेच रोवलेले पऱ्हे उभे असतात. त्या कोवळ्या पात्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एक रासायनिक क्रिया अखंड चाललेली असते : उन्हाच्या बळावर पाण्याच्या रेणूचे विघटन. हीच क्रिया कारखान्यात स्वस्तात आणि दीर्घकाळ घडवून आणण्यासाठी मानव गेल्या दोन शतकांपासून धडपडतो आहे. त्या धडपडीचा आणि तिच्यात भंडारा, नागपूर, पुणे व कोल्हापूर यांचा जो वाटा आहे त्याचा हा आढावा.

२/
या प्रश्नाचे मोल समजण्यासाठी युरियाचे एक पोते पुरेसे आहे. ४५ किलोंच्या पोत्यात ४६ टक्के नत्र असते. ते ज्या अमोनियापासून येते त्यातील नत्र हवेतून मिळते; हायड्रोजन मात्र मुख्यतः नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून मिळवला जातो, आणि त्या वायूचा मोठा भाग भारत आयात करतो. एका पोत्यामागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून काढायचा झाल्यास तेवढ्यासाठी ४० लिटर पाण्याचे विघटन पुरे. पाण्याचा तुटवडा हा या प्रश्नाचा गाभा नाही. गाभा आहे तो ऊर्जेचा आणि उत्प्रेरकाचा.

३/
पाणी हा अतिशय स्थिर रेणू आहे. त्याचे विघटन करण्यासाठी तत्त्वतः किमान १.२३ व्होल्ट इतका विद्युतदाब लागतो. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक द्यावा लागतो. हा अधिकचा खर्च कमी करतो तो उत्प्रेरक. डोंगराच्या अलीकडचे गाव आणि पलीकडचे गाव यांच्या उंचीतला फरक कोणालाच बदलता येत नाही. परंतु कडा चढून जाण्याऐवजी घाटरस्ता काढला तर चढ सुसह्य होतो. उत्प्रेरक हा असा घाटरस्ता आहे. वाट करून देताना तो स्वतः खर्ची पडत नाही.

४/
विघटनाच्या दोन बाजू आहेत. एका बाजूला दोन इलेक्ट्रॉन स्वीकारून हायड्रोजन तयार होतो; ती बाजू तुलनेने सोपी. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या दोन रेणूंकडून चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, तेव्हा कोठे ऑक्सिजनचा एक रेणू मोकळा होतो. चार इलेक्ट्रॉन काढून घेईपर्यंत उत्प्रेरकाने तग धरला पाहिजे, आणि त्याच वेळी निर्माण होणाऱ्या ऑक्सिजनने तो स्वतः गंजता कामा नये. पुढील सारा इतिहास बहुतांशी या दुसऱ्या बाजूचा आहे.

५/
आरंभ पानापासूनच झाला. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्याने प्रयोगांनी दाखवून दिले की वनस्पतींचे हिरवे भाग केवळ उजेडातच शुद्ध हवा, म्हणजे ऑक्सिजन, बाहेर टाकतात. १७८९ मध्ये पेट्स फान ट्रोस्टवाइक आणि डाइमन यांनी विजेच्या ठिणग्यांनी पाणी फोडले. १८०० मध्ये व्होल्टाच्या विद्युतघटाची वार्ता लंडनला पोहोचताच निकलसन आणि कार्लाइल यांनी त्या घटाच्या तारा पाण्यात बुडवून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. विजेने पाणी फुटते हे सिद्ध झाले. उन्हाने ते कसे फुटते हे कोडे तसेच राहिले.

६/
१८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने उत्प्रेरणाच्या संकल्पनेला नाव दिले. १८३९ मध्ये अवघ्या एकोणीस वर्षांच्या एदमाँ बेकरेलला आढळले की द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीज वाहू लागते. १९१२ मध्ये इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी न्यूयॉर्क येथील व्याख्यानात कोळशावर उभ्या असलेल्या संस्कृतीपुढे एक पर्याय मांडला : वनस्पतींनी जपून ठेवलेले प्रकाशाचे रहस्य हस्तगत करून वाळवंटांत काचेच्या नळ्यांतून इंधन निर्माण करणारे कारखाने उभारण्याचा.

७/
युरोपात ही स्वप्ने मांडली जात असताना भंडाऱ्याच्या उत्तरेकडील टेकड्यांत वेगळीच लगबग सुरू होती. पोलाद उद्योगाला मँगनीज हवे होते. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली. पुढे तीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी म्हणून ओळखली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागपूर, भंडारा आणि बालाघाट या परिसरातील खाणींमुळे भारत जगातील अग्रगण्य मँगनीज उत्पादकांत गणला जाऊ लागला.

८/
या साठ्यांचा पहिला सविस्तर अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मर यांनी केला. १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथे आढळणाऱ्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी या भूमीतील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि ते नाव आजही जगभरच्या भूशास्त्रात रूढ आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी याच पट्ट्यातल्या. १९६२ मध्ये कंपनीची मालमत्ता सरकारने घेऊन मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची ‘मॉयल’, स्थापन केली. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारने घेतला.

९/
खाणीतल्या या काळ्या धातुकाचा हिरव्या पानाशी संबंध असेल अशी कल्पना त्या काळी कोणाला असणे शक्य नव्हते. १९३७ मध्ये आंद्रे पिर्सन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की मँगनीजवाचून शैवालांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. १९४१ मध्ये रूबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजनचा उपयोग करून स्पष्ट केले की वनस्पती बाहेर टाकतात तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, पाण्यातून येतो. म्हणजेच पान खरोखर पाणी फोडते, आणि त्यासाठी त्याला मँगनीज लागते.

१०/
१९६९ मध्ये पिएर जोलिओ (मेरी क्यूरी यांचे नातू) यांनी अंधारात ठेवलेल्या नमुन्यांवर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकून ऑक्सिजन मोजला. तिसऱ्या झोताला ऑक्सिजन सर्वाधिक आला आणि पुढे दर चौथ्या झोताला हाच क्रम पुन्हा दिसला. १९७० मध्ये बेसेल कॉक यांनी याचा अर्थ लावला : पानातील उत्प्रेरक एकेका प्रकाशकणागणिक एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतो, चारांचा हिशेब साठवतो आणि तो पूर्ण झाल्यावरच ऑक्सिजन सोडतो. वर उल्लेखिलेली चार इलेक्ट्रॉनांची अडचण निसर्गाने अशी सोडवली आहे.

११/
हा उत्प्रेरक दिसतो कसा, हे २०११ मध्ये कळले. जपानच्या जियान-रेन शेन आणि नोबुओ कामिया यांच्या गटाने उष्णोदकी सूक्ष्मजीवातील ‘फोटोसिस्टिम दोन’ या प्रथिनसंकुलाची रचना १.९ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेने उलगडली. केंद्रस्थानी होते मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे पाच अणू. आकार वाकड्या खुर्चीसारखा. शैवालापासून वडापर्यंत आणि गवतापासून धानापर्यंत ऑक्सिजन सोडणाऱ्या सर्व सजीवांत हाच एक गाभा आहे.

१२/
धानाची बांधी तर मँगनीजसाठी विशेष अनुकूल. पाणी साचले की मातीतील ऑक्सिजन संपत जातो, मँगनीजची संयुगे विरघळणाऱ्या रूपात येतात आणि मुळांना ते सहज घेता येते. तेव्हा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जो धातू सुरुंग लावून काढला जातो, तोच धातू दक्षिणेकडील आसगावच्या शिवारात धानाचे प्रत्येक रोप मातीतून कणाकणाने उचलून पाणी फोडण्याच्या कामाला लावते. एकाच जिल्ह्यात खाण आणि पान यांची ही जोडी आहे.

१३/
मानवनिर्मित उत्प्रेरकाची कथा मात्र दुसऱ्याच पदार्थाने सुरू झाली. टोकियो विद्यापीठात केनइची होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या अकिरा फुजिशिमा या विद्यार्थ्याला १९६७ च्या सुमारास दिसले की पाण्यात ठेवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश पडताच त्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन येतो. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पांढऱ्या रंगात वापरला जाणारा हा स्वस्त पदार्थ. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट खनिजातही टायटॅनियमच असते. पुढच्याच वर्षी तेलाचे संकट कोसळले आणि या शोधाकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले.

१४/
उत्साहाला लगेच मर्यादा पडली. टायटॅनियम डायऑक्साइड केवळ अतिनील किरण शोषतो, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत त्यांचा वाटा चार-पाच टक्क्यांहून फारसा अधिक नसतो. डोळ्यांना दिसणारे ऊन या पांढऱ्या पदार्थावरून परत फिरते. रंगीत पदार्थ दृश्य प्रकाश शोषतात. परंतु त्यांतील अनेक पाण्यात, प्रकाशात स्वतःच विरघळू लागतात. टिकाऊ पदार्थ ऊन घेत नाही आणि ऊन घेणारा पदार्थ टिकत नाही, या पेचात हे क्षेत्र पुढे कित्येक दशके अडकून राहिले.

१५/
महाराष्ट्रात या पेचाशी पहिली झुंज घेणाऱ्यांत कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ होते. १९८० च्या दशकात एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फाइड व सेलेनाइड वर्गातील अर्धवाहकांचे पातळ थर तयार करण्याच्या स्वस्त पद्धती विकसित केल्या. महागड्या निर्वात यंत्रांऐवजी रासायनिक द्रावणात काच बुडवून किंवा विद्युत-निक्षेपणाने हे थर चढवले जात, आणि त्यांतून प्रकाश-विद्युत-रासायनिक घट बनवले जात. मर्यादित साधनांच्या विद्यापीठालाही जागतिक संशोधनात उतरता येते, हे या पद्धतींनी दाखवून दिले. ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या या विषयात तयार झाल्या.

१६/
पुण्यात सी-मेट या संस्थेत भारत काळे यांच्या गटाने वेगळी वाट धरली. पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड हा तेलशुद्धीकरणात निघणारा विषारी वायू फोडून हायड्रोजन मिळवायचा. त्याला लागणारी ऊर्जा पाण्याच्या तुलनेत सुमारे सातपट कमी. २००६ मध्ये त्यांनी कॅडमियम इंडियम सल्फाइडचा दृश्य प्रकाशात काम करणारा उत्प्रेरक प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण झेंडूच्या फुलासारखे दिसत. दाटीने उभ्या असलेल्या पाकळ्यांमुळे पृष्ठभाग वाढतो, आणि उत्प्रेरकाचे सारे काम पृष्ठभागावरच चालते.

१७/
भंडाऱ्याच्या शेजारी, नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नीरी’मध्ये, साधना रायलू, नितीन लाभसेटवार आणि सहकाऱ्यांनी झिओलाइटच्या आधारावर टायटॅनियम डायऑक्साइड बसवून दृश्य प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन मिळवण्याचे प्रयोग केले, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. झिओलाइट हा जाळीदार खनिजवर्ग. त्याच्या छिद्रांत उत्प्रेरकाचे कण विखुरलेले राहतात, एकमेकांना चिकटून निकामी होत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिन्नकोंडा गोपीनाथ यांच्या गटाने पुढे ‘कृत्रिम पाना’च्या रचनेवर काम केले.

१८/
अशा प्रयोगांचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अनेक प्रयोगांत पाण्यात अल्कोहोलसारखा ‘बळी जाणारा’ पदार्थ मिसळलेला असतो. ऑक्सिजनच्या बाजूचे कठीण काम टाळून त्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन घेतले जातात आणि हायड्रोजन भरभर येतो. अभ्यासासाठी हे योग्यच; परंतु त्याला पाण्याचे पूर्ण विघटन म्हणता येत नाही. वर्तमानपत्रांत दर काही वर्षांनी झळकणारे ‘पाण्यापासून इंधन’ हे मथळे आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील अंतराचे हे एक मोठे कारण आहे.

१९/
२००८ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत मॅथ्यू कॅनन आणि डॅनियल नोसेरा यांनी कोबाल्ट आणि फॉस्फेट यांचा उत्प्रेरक सादर केला. साध्या पाण्यात तो आपोआप जमतो आणि झीज झाली तरी पुन्हा स्वतःला सावरतो. २०११ मध्ये त्यांनी सिलिकॉनच्या पत्र्यावर असे उत्प्रेरक बसवून ‘कृत्रिम पान’ जाहीर केले. नोसेरा यांच्या सन कॅटॅलिटिक्स या कंपनीत टाटा समूहाने गुंतवणूक केली. भारतातील खेड्यांना यातून वीज मिळेल, अशी चर्चा त्या काळी बरीच झाली. किमतीचे गणित मात्र जुळले नाही. कंपनी विद्युत साठवणाऱ्या बॅटरीकडे वळली आणि २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनने तिची मालमत्ता घेतली.

२०/
खरे पान या स्पर्धेत पुढे का आहे? त्याचा उत्प्रेरक अमर आहे म्हणून नव्हे. तीव्र उन्हात ‘फोटोसिस्टिम दोन’मधील डी-१ हे प्रथिन सतत बिघडत असते, पेशी ते काढून टाकते, नवे घडवते आणि मँगनीजचा गाभा पुन्हा जुळवते. ऊर्जेच्या हिशेबातही पान फार काटकसरी नाही. धानासारख्या पिकाच्या वाढीत सौरऊर्जेचा जेमतेम टक्काभर भाग उतरतो. त्याचे खरे बळ दुरुस्तीत आहे. प्रयोगशाळेतील उत्प्रेरकाला बिघडल्यावर कोणी नवा भाग आणून बसवत नाही. म्हणून त्याला वर्षानुवर्षे टिकावे लागते.

२१/
आजवरच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक जपानच्या काझुनारी डोमेन यांच्या गटाचा. २०२० मध्ये त्यांनी ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर अतिनील प्रकाशातील सुमारे ९६ टक्के प्रकाशकण सार्थकी लावून दाखवले. २०२१ मध्ये त्याच उत्प्रेरकाचा १०० चौरस मीटरचा फलक उघड्यावर काही महिने चालवल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या स्फोटक मिश्रणातून हायड्रोजन सुरक्षितपणे वेगळाही केला. सौरऊर्जेचे हायड्रोजनमध्ये रूपांतर मात्र जास्तीत जास्त ०.७६ टक्के झाले.

२२/
हा आकडा युरियाच्या पोत्याला लावून पाहता येतो. साडेचार किलो हायड्रोजनमध्ये तत्त्वतः सुमारे १५० युनिट ऊर्जा साठवावी लागते. विदर्भात दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिट ऊन धरले, तर १०० चौरस मीटरच्या त्या फलकाला एका पोत्यापुरता हायड्रोजन देण्यास सुमारे ४० दिवस लागतील. तेवढ्याच जागेत सौर पॅनेल लावून, त्यांच्या विजेवर इलेक्ट्रोलायझर चालवला, तर तेच काम साधारण तीन दिवसांत होते. ऊन थेट पाण्यावर लावणारा उत्प्रेरक सुटसुटीत आणि स्वस्त ठरण्याची आशा मोठी आहे. आजचा हिशेब मात्र पॅनेलच्या बाजूने आहे.

२३/
भारताचे धोरणही त्याच बाजूला झुकलेले आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. भर आहे तो नवीकरणीय विजेवरील इलेक्ट्रोलायझरवर. तेथेही उत्प्रेरकाचा प्रश्न सुटलेला नाही. आम्लधर्मी पटलावर चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरला ऑक्सिजनच्या बाजूस इरिडियम लागते, आणि जगभरात वर्षाला ते दहा टनांहूनही कमी निघते.

२४/
येथे कथा पुन्हा मँगनीजकडे वळते. २०१० मध्ये नजफपूर, फिलिप कुर्त्झ आणि सहकाऱ्यांनी पानातील गाभ्याचे अनुकरण करून कॅल्शियम-मँगनीज ऑक्साइड तयार केले. त्यावर पाण्यातून ऑक्सिजन सुटतो, असे दाखवले. २०१९ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतील र्युहेई नाकामुरा यांच्या गटाने गॅमा मँगनीज डायऑक्साइड आम्लात ८,००० तासांहून अधिक काळ टिकवून दाखवला. विजेचा दाब विशिष्ट मर्यादेत ठेवला तर तो विरघळत नाही, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. वेगात तो इरिडियमच्या मागे आहे. विपुलतेत मात्र तुलनाच नाही.

२५/
हा गॅमा प्रकारचा मँगनीज डायऑक्साइड भंडाऱ्याला अपरिचित नाही. डोंगरी बुजुर्ग येथील धातुक बॅटरी उद्योगात फार पूर्वीपासून वापरले जाते, आणि तेथेच मॉयलचा विद्युत-निक्षेपित मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. बॅटरीसाठी बनणारा पदार्थ आणि पाणी फोडणारा उत्प्रेरक यांची गरज सारखी नसते. शुद्धता, कणांची रचना आणि थराची जाडी नव्याने ठरवावी लागते. तरीही कच्चा माल आणि कारखाना या जिल्ह्यात आणि संशोधन संस्था शेजारच्या नागपुरात, असा योग क्वचितच जुळून येतो.

२६/
सव्वाशे वर्षे भंडाऱ्याचे मँगनीज मुख्यतः बाहेरच्या पोलाद भट्ट्यांकडे गेले आणि जिल्ह्याच्या शेतीला लागणारे खत दूरच्या वायूवर बनून आले. पाणी फोडणारा स्वस्त आणि टिकाऊ उत्प्रेरक सापडला, तर या दोन्ही वाटा एकमेकींजवळ येऊ शकतात : खत उन्हापासून, पाण्यापासून आणि आपल्याच भूगर्भातील धातूच्या आधाराने. तो दिवस जवळ आहे असे म्हणण्यास आजचे आकडे परवानगी देत नाहीत. चार इलेक्ट्रॉनांची कसरत आणि रोजची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी आसगावच्या धानाला साधल्या आहेत. पहिली माणसाच्या हाती काही अंशी आली आहे, आणि पुढच्या संशोधनाचा कस लागणार आहे तो दुसरीवर.